पॅनलवर घोंगडी वाळत घातली म्हणून

ज्या माणसामुळे भरल्या सभागृहात लोक माझ्या काकूला हसले, त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी समजुतीच्या गोष्टींची वाट बघत बसणार नाही.

काकू म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची बायको. आमचं घराणं मेंढरांचं. बाप मेंढरं सोडून जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात लागला, म्हणून मी शहरात वाढले, कॉलेज केलं आणि एका संघटनेत शिरून पत्रकं लिहायच्या नादाला लागले. काका मात्र मेंढरांमागेच राहिले. त्यांची वस्ती वडीगोद्रीपासून आत, माळावर. तिथं घरं आहेत, पण पूर्वी ती नावालाच होती. दिवाळी झाली की घराला कडी, भांडी-कपडे घोड्यावर, पुढे मेंढरं आणि मागे बायामाणसं. ते थेट मिरगाच्या तोंडावर परत. काकूची तिन्ही लेकरं तीन गावांच्या रानात जन्मली. एकदा ती मला म्हणाली होती, "माझ्या लग्नातला माठ कुठं फुटला ते मला ठावं हाये, पन कंच्या गावात ते ठावं न्हाई."

वस्तीला सोलरचा पंप मिळाला आणि हे बदललं. सरकारी योजनेतूनच मिळाला, खोटं कशाला बोलू. बोअरवर पंप, लोखंडी सांगाड्यावर काळी पॅनलं, वर टाकी आणि खाली मेंढरांसाठी सिमेंटचा लांब हौद. ऊन पडलं की पाणी सुरू. विजेची वाट बघायला नको, बिलाची चिठ्ठी नको. त्या वर्षी काका मोठी मेंढरं घेऊन गेले आणि काकू पहिल्यांदा मागे राहिली, विणाऱ्या मेंढ्या आणि कोकरं सांभाळत. तिनं अंगणात शेवगा लावला. कोंबड्या पाळल्या. तिचा एक गुडघा कधीचाच गेलेला होता, तो जरा थंडावला. उन्हाळ्यात एका जागी राहणं म्हणजे काय असतं ते तिला म्हातारपणाच्या उंबऱ्यावर कळलं, आणि एकदा कळल्यावर ते सोडायची तिची तयारी नव्हती.

पॅनलं पुसायची पाळी वस्तीनं लावून घेतली होती. ज्या घराची पाळी, त्या घरची बाई फडकं आणि पाणी घेऊन सकाळीच सांगाड्याला भिडायची. कुणी हयगय केली तर हौदावर तिच्या मेंढ्यांचा नंबर शेवटी. हा नियम कुठल्या कागदावर नव्हता आणि कुणी मोडतही नव्हतं.

मग एका पावसाळ्यात वीज कडाडली आणि कंट्रोलर जळाला. पॅनल आणि पंपाच्या मध्ये एक डबा असतो, तो कंट्रोलर. पॅनलं धड, पंप धड, बोअरला पाणी. फक्त डबा गेला. कंपनीला फोन लावला तर देखभालीचा करार संपलेला. खात्यात गेलो तर बाबू म्हणाला, "नवीन संच मागा, अर्ज चालू आहेत. जुन्याच्या दुरुस्तीसाठी आमच्याकडं हेडच नाही."

हेड म्हणजे पैशाचा खाना. नव्यासाठी खाना आहे, नारळ आहे, फीत आहे, फोटोत उभं राहायला माणसं आहेत. जुनं चालतं ठेवायचं म्हटलं की सगळ्यांचे हात खिशात. मी तेव्हा गावोगाव फिरत होते. केदारखेड्याच्या बाजूला एका शाळेवरची पॅनलं एका तारेपायी मेलेली पाहिली. मंठ्याकडं एका वस्तीवर पॅनलच्या सांगाड्याला म्हैस बांधलेली. विचारलं तर मालक म्हणाला, "सावली चांगली पडती ना." त्याचं काही चुकलं नव्हतं. लाखमोलाची वस्तू सरकारनं सावलीपुरती करून ठेवली, तर म्हशीनं तरी का उन्हात उभं राहावं? आमची मागणी एका ओळीची होती: आहे ते जगवा. ही ओळ मी इतक्या पत्रकांत छापली की आमच्या संघटनेतली पोरं मला 'आहे ते' म्हणूनच हाक मारायची.

आणि खरंच, बोंबलून बोंबलून, आमच्यासारख्या आणखी कितीकांनी बोंबलून, शासनानं जुने संच टिकवण्यासाठी सहाय्य काढलं. दुरुस्तीचा खर्च आणि पुढे दरसाल देखभालीची रक्कम. अट एकच: संच वाचवण्याजोगा पाहिजे आणि लोकांनी तो सांभाळलेला पाहिजे. खात्याचा साहेब येऊन पाहणार आणि तसं लिहून देणार. मी आनंदानं वेडी झाले. सांभाळलेला म्हणाल तर आमच्या वस्तीइतका कुणी सांभाळला होता? अर्ज मीच लिहिला.

तोवर पाण्याचं काय? माळाखाली एका शेतकऱ्याची विहीर होती. वस्ती त्यांना बापू म्हणते. पिढ्यान्‌पिढ्या आमची मेंढरं त्यांच्या रानात खतासाठी बसतात, तेवढा शब्द त्यांनी राखला. पण त्यांची मोसंबीची बाग. ते काकूला स्पष्टच म्हणाले, "वैनी, पाडव्यापर्यंत घ्या पानी. मंग माझी झाडं माझ्याकडं बघून राह्यतेत."

"पाडव्यापर्यंत आपलं चालू व्हतंय की," काकू म्हणाली.

"व्हतंय, व्हतंय. सरकारचं काम हाये, म्हंजी कोन्त्या तरी पाडव्याला व्हतंयच."

पाडव्याच्या आत पंप चालू झाला तर काकू घरी. नाही झाला तर काकू घोड्यामागे, तो गुडघा घेऊन. सगळा मामला एवढाच होता.

महाशिवरात्रीच्या आधी गारपीट झाली. मी त्या दिवशी वस्तीवरच होते. दुपारचं ऊन असं अचानक पिवळं पडलं आणि उत्तरेकडून आवाज यायला लागला, कुणी पत्र्यावर दगड ओतावेत तसा. बायका कोकरांकडे धावल्या. काकू घरात धावली आणि खांद्यावर घोंगड्यांचा ढीग घेऊन बाहेर आली.

"पॅनलं!" ती ओरडली. "साहेब यायचाय आन्‌ ही फुटली तर दाखवू काय?"

घराघरातून घोंगड्या निघाल्या. लग्नातल्या, बाळंतपणातल्या, म्हाताऱ्यांच्या अंगावरच्या. कुणी ड्रमवर चढलं, कुणी सांगाड्यावर. दुहेरी घड्या टाकल्या, मेंढरं बांधायच्या दोरीनं आवळल्या. काकू गुडघा विसरून वर चढली होती आणि शेवटची गाठ मारेपर्यंत उतरली नाही. तिच्या कपाळावर गारेचं टेंगूळ आलं, लिंबाएवढं. बापूंच्या बागेत मोसंबीचा सडा पडला. माळापलीकडच्या एका शेतातली नवीकोरी पॅनलं, अजून नारळाचा तुकडा तिथंच पडलेला, काच तडकून कोळ्याच्या जाळ्यासारखी झाली. आमच्या एकाही पॅनलला ओरखडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. घोंगड्या पाणी पिऊन इतक्या जड झालेल्या की एकेक उचलायला दोन बाया लागत होत्या. जमीन चिखल. दोरीवर टाकाव्यात तर दोरी तुटे. मग वाळवायच्या कुठं? काळी काच उन्हात तापते, चुलीवरच्या तव्यासारखी. पंप बंदच होता, सावली पडून बिघडणार काय होतं? काकूनं घोंगड्या पॅनलवरच पसरल्या. ज्यांनी पॅनलं वाचवली, त्या घोंगड्या पॅनलांनी वाळवायच्या, इतका साधा हिशेब.

आणि नेमकी त्याच दिवशी साहेबाची गाडी आली.

मी तेव्हा वडीगोद्रीला फोनला रेंज शोधत होते, म्हणून हे काकूच्या तोंडून. साहेब गाडीतून उतरला नाही. चिखल होता. काच खाली केली.

"हे काय लावलंय? कपडे वाळत घालायला दिलंय का सरकारनं?"

"घोंगड्या हायेत साहेब. वाळून राह्यल्यात. उतरा की, च्या घ्या."

साहेबानं मोबाईल काढला. काकूला वाटलं, साहेबाला कळलं. गारपिटीत बायांनी पॅनलं राखली, त्याचा फोटो काढतोय. ती जवळच्या घोंगडीपाशी गेली, तिचा कोपरा नीट केला, हातात धरला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हसली. फोटोत हसतात तशी, मनापासून. साहेबानं फोटो काढला आणि गाडी वळवली.

संध्याकाळी ती मला किती आनंदानं सांगत होती! "फोटू काढला बग. आता बराबर लिहिन त्यो."

त्यानं बराबर लिहिलं. लाभार्थी पॅनलचा वापर कपडे वाळत घालण्यासाठी करतात. देखभालीबाबत अनास्था. सहाय्यास अपात्र. संच निर्लेखित करावा. निर्लेखित म्हणजे भंगारात काढावा.

हे आम्हाला कळलं ते आमच्या अर्जाच्या उत्तरातून नाही. उत्तर आलंच नव्हतं. जालन्यात त्या खात्याची एक कार्यशाळा होती, संघटनांनाही बोलावलेलं. मी मागच्या रांगेत बसले होते. साहेब मंचावरून बोलत होता, विषय लाभार्थ्यांची मानसिकता. जुने संच का मरतात, तर लोकांनाच किंमत नाही, असं त्याचं म्हणणं. आणि मग पडद्यावर माझी काकू आली, खाली त्याच्या अहवालातल्या त्याच ओळी. केवढी मोठी! कपाळावर टेंगूळ, हातात घोंगडीचा कोपरा, तोंडभर हसू.

"ही बघा आपली सोलर लाँड्री," साहेब म्हणाला.

सभागृह हसलं. माझ्या शेजारचा माणूस मांडीवर हात मारून हसला. काकू वर पडद्यावर त्यांच्याबरोबरच हसत होती. ते मला अजून सहन होत नाही. ती त्यांच्यात सामील आहे असं वाटत होतं.

मी उठले आणि म्हणाले, "ती पॅनलं गारपिटीतून वाचवलेली आहेत. घोंगड्या कशाला टाकल्या होत्या ते विचारलंत का?"

सूत्रसंचालन करणारा गृहस्थ गोड आवाजात म्हणाला, "ताई, प्रश्न शेवटी घेऊ."

शेवटी पुरीभाजी होती.

मी जेवले नाही. मी बसस्टँडवर बसून त्या साहेबाचं काय काय करता येईल याचा विचार केला. तो इथं लिहिण्याजोगा नाही. संघटनेतल्या थोरल्या मंडळींनी समजावलं: निवेदन दे, अपील कर, व्यक्तीवर जाऊ नको, व्यवस्थेवर बोल. व्यवस्थेवर मी आयुष्यभर बोलणारच आहे. पण व्यवस्था माझ्या काकूचा फोटो काढायला आली नव्हती. गाडीची काच व्यवस्थेनं खाली केली नव्हती. तो माणूस होता, त्याला नाव आहे, आणि ते मी इथं लिहीत नाही हे त्याचं नशीब.

काकूला मी सभागृहातलं काही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, थोडी अडचण आहे, बघते.

पत्रक लिहायला घेतलं. त्यासाठी माझ्या अर्जाच्या झेरॉक्स पाहिजे होत्या. झेरॉक्सचं दुकान त्या खात्याच्या कचेरीसमोरच, वरच्या मजल्यावर. मशीन तापेपर्यंत मी गॅलरीत उभी राहिले आणि समोर बघितलं. समोर कचेरीची गच्ची. गच्चीवर सोलरची पॅनलं, रांगेनं. सगळी फुटलेली. गारपीट जालन्यातही झाली होती ना. काचांवर चांदण्यांसारखे तडे, वर कबुतरांची शिट, आणि एका पॅनलला टेकवून ठेवलेली मोडकी खुर्ची. ज्या खात्यानं जिल्ह्याला सूर्य वाटायचा, त्याच्या डोक्यावरचा सूर्य मेलेला होता आणि खाली कुणाला पत्ता नव्हता. मी फोटो काढला. लगेच आणखी एक काढला. इतका आनंद मला परीक्षेच्या निकालानंही दिला नव्हता.

आमची पत्रकं ज्या प्रेसमध्ये छापतात, तिथले चाचा म्हातारे आहेत आणि चष्मा कपाळावर ठेवून वाचतात. दोन फोटो शेजारी शेजारी: डावीकडे वस्तीची धड पॅनलं, ती काढायला मी मुद्दाम परत गेले होते, उजवीकडे कचेरीची गच्ची. वर मथळा: अनास्था कुणाची? खाली मी पानभर आग ओतली होती.

"बेटा," चाचा म्हणाले, "ह्या दोन फोटूखाली एवढं पुरान कायको लिहिलं? फोटू खुद बोलून राह्यले."

"लिहिलंय ते राहू द्या."

"इथं साहेबाचं नाव टाकलं तू."

"टाकलंय."

"मंग तू बी अंदर, मी बी अंदर. मला तिथं शुगरच्या गोळ्या कोन देईल, तुझा साहेब?" त्यांनी नावावर पेन्सिल मारली. "इल्जाम काढ. सवाल ठेव. सवालावर केस होत न्हाई."

तेवढं ऐकलं. गठ्ठा छापून झाला, आणि मी त्यातला एक कागद घेऊन थेट साहेबाच्या केबिनमध्ये गेले.

खरं सांगायचं तर मला तो गठ्ठा त्याच दुपारी वाटायचा होता. पण वाटला असता तर काय झालं असतं? चौकशी बसली असती, साहेबाची बदली झाली असती, नव्या साहेबानं फाईल तळाशी घातली असती, आणि पाडवा उजाडला असता. सुडापायी काकू घोड्यामागे गेली असती. म्हणून आधी हा रस्ता.

साहेबानं कागद वाचला. पुन्हा वाचला. छताकडे बघितलं, जणू तिथून तडे दिसणार होते.

"हे वाटलंय?"

"अजून नाही. गठ्ठा प्रेसमध्ये आहे."

"ही धमकी आहे का?"

"हो," मी म्हणाले.

असं उत्तर त्याला अपेक्षित नसावं. तो खुर्चीत मागे रेलला. "काय पाहिजे तुम्हाला?"

"फेरतपासणी. वस्तीवर येऊन. गाडीतून उतरून."

"एवढंच?"

"एवढंच."

एवढंच नव्हतं, पण ते मी त्याला सांगायला बांधील नव्हते.

आमच्या वस्तीत तंटा झाला की लिंबाखाली घोंगडी अंथरतात. ज्याच्यावर बोल आहे त्यानं पायताण काढून तिच्यावर बसायचं आणि काय पाहिलं, काय केलं ते सांगायचं. शपथ नाही, देवाचा अंगारा नाही. बसणं हीच शपथ. घोंगडीवर बसून जो खोटं बोलेल, त्याच्या मेंढरांना वस्तीतल्या कुणी पाणी दाखवायचं नाही. मेंढपाळाला याहून मोठी शिक्षा काय असणार? मी लहानपणी एका धट्ट्याकट्ट्या माणसाला घोंगडीवर बसल्या बसल्या रडताना पाहिलंय.

ही कल्पना माझीच होती. काकूनं ऐकून घेतली, शेण काढता काढता, आणि फक्त म्हणाली, "बोलाव."

साहेब आला. चिखल वाळला होता. काका मेंढरं मागे ठेवून मुद्दाम आले होते, वस्तीतली सगळी म्हातारी मंडळी, बापूसुद्धा. लिंबाखाली काळी घोंगडी अंथरलेली. साहेबाला वाटलं सत्कार आहे. आपल्याकडे सरकारी माणसाला अंथरलेलं काही दिसलं की सत्कारच वाटतो. त्यानं बूट काढले, मांडी घालून बसला आणि शाल-नारळ कुठून येतोय ते बघायला लागला.

काकू समोर बसली. "साहेब, गारा पडल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही हितं आल्ते. काय पाह्यलं ते सांगा."

साहेबानं माझ्याकडे बघितलं. मी लिंबाकडे बघितलं.

"घोंगड्या," तो म्हणाला.

"कशावर?"

"पॅनलवर."

"पॅनल फुटलं व्हतं का?"

"...नव्हतं."

"रस्त्यानं येताना बाकीच्यांचं फुटल्यालं दिसलं का?"

"दिसलं."

"मंग आमचंच का फुटलं न्हाई?"

साहेब घोंगडीची लोकर उपटायला लागला. कोंबडी मधून चालत गेली, तिलाही कुणी हटकलं नाही. मागून बापू म्हणाले, "सांगा साहेब, लाजू नका. घोंगडीवर बसल्यावर जल्दी बोलावं, न्हाईतर गुडघं धरत्यात."

"मी विचारलं नाही," साहेब म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता. "मला वाटलं... मी खाली उतरलोच नाही."

"बराबर," काकू म्हणाली. "हे लिहा."

एक म्हातारा हसत म्हणाला, "खरं बोलले. साहेब, तुमची मेंढरं असली तर आना, पाजतो आम्ही."

लोक हसले. साहेबही हसायला बघत होता. कागद निघाले, त्यानं सांगाड्याभोवती फिरून पाहिलं, पॅनलला हात लावून पाहिला, लिहिलं. माझ्या मते हिशेब झाला होता. अर्धामुर्धा, पण झाला होता.

तेवढ्यात काकू उठली. तिनं ती घोंगडी झटकली, पॅनलवर नेऊन टाकली आणि साहेबाला हाक मारली.

"साहेब, या. हा कोपरा धरा."

"कशाला?"

"धरा तर."

त्यानं धरला. काकू मला म्हणाली, "काढ फोटू." मी मोबाईल उचलला. साहेब घोंगडीचा कोपरा धरून पॅनलपाशी उभा, बूट अजून लिंबाखाली, पायात मोजे, मोज्यांना कुसळं.

"हसा की," काकू म्हणाली.

तो हसला नाही.

"हसा साहेब. मी बी हसले व्हते."

काकूचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तिला सगळं माहीत होतं. नंतर कळलं, त्या सभागृहात बापूंचा पुतण्या होता, त्यानं मोबाईलवर त्या पडद्याचं चित्र तिला त्याच आठवड्यात दाखवलं होतं, लोकांच्या हसण्याच्या आवाजासकट. मी तिच्यापासून जे लपवत होते, ते ती माझ्यापासून लपवत होती. आणि मी समजत होते की सूड माझा आहे.

साहेब हसला. दात दिसेपर्यंत काकूनं त्याला सोडलं नाही.

त्यानंतरचं काम कागदांचं. फेरतपासणी वर गेली, सहाय्य मंजूर झालं, पण डबा यायचा होता. पाडवा आला आणि गेला. बापूंनी गुढी उतरवल्यावरही पाणी चालू ठेवलं, मग त्यांच्या विहिरीत बादली खरवडायला लागली. काकांचा निरोप आला की निघायचं. काकूनं भांडी पोत्यात भरली. मी गेले तेव्हा ती शेवग्याच्या बुडाशी शेवटचं पाणी घालत होती, धुण्याचं. मला बघून ती पोत्यांकडे वळली. मला वाटत होतं, त्या दिवशी गठ्ठा वाटला असता तर निदान काहीतरी हाती लागलं असतं.

डबा आला तेव्हा पोत्याची तोंडं शिवून झाली होती. माणसानं तारा जोडल्या, खटका ओढला. आधी पाइपातून नुसती हवा आली, मग गंजाचं लाल पाणी, मग स्वच्छ. हौदावर कोकरांनी इतकी गर्दी केली की दोन आतच पडली. काकूनं सुरी घेऊन पोत्यांचे टाके उसवले, भांडी बाहेर काढली आणि फळीवर मांडली, एकेक, पुसून. मग म्हणाली, "च्या टाकू का गं?"

त्याच आठवड्यात मी चाचांकडून गठ्ठा उचलला आणि वाटला. कचेरीच्या दारात, बसस्टँडवर, ज्या सभागृहात पुरीभाजी होती त्याच्या पायरीवर. संघटनेतले चिडले. काम झाल्यावर वाटतात का? हा विश्वासघात आहे. मी म्हणाले, कामाआधी वाटला असता तर काम झालं नसतं, आणि मी न वाटण्याचा शब्द कुणाला दिला नव्हता. त्या एका साहेबानं, आणि त्याच्यासारख्या इतरांनी, गाडीतून न उतरता किती संच भंगारात काढले असतील? त्या संचांच्या मागच्या बायकांना घोंगडीवर बसवायला साहेब मिळणार होता का? गच्चीवरची पॅनलं नंतर बदलली, म्हणे. नवीन. जुन्याला दुरुस्त करता येतं हे त्यांना अजून माहीत नाही.

साहेबाची बदली झाली नाही. मला ते बरंच वाटलं. देखभालीची रक्कम दरसाल मिळायची तर दरसाल पाहणी करावी लागते. दरसाल त्याला इथं यावं लागणार, उतरावं लागणार, आणि काकू दारात उभी असणार.

त्या वैशाखात भोकरदनकडची एक खांड आमच्या माळावरून चालली होती. मेंढरांच्या जिभा बाहेर. मागून एक बाई, काकूच्याच वयाची, डोक्यावर गाठोडं, पायात दोन वेगळ्या जोडांच्या चपला. काकूनं तिची मेंढरं हौदावर घेतली. बाई हौदाच्या कडेला टेकली, पाण्यात हात घातला आणि तसाच ठेवला.

"आमच्याकडं बी असाच पंप हाये," ती म्हणाली. "डबा जळाला. साहेब आल्ता, म्हनला भंगार हाये. म्हनून मी रस्त्यावर."

"उतरला व्हता का गाडीतून?" काकूनं विचारलं.

"न्हाई."

काकूनं तिच्या हातात चहाची बशी दिली आणि तिच्यासमोर उकिडवी बसली.

"नाव काय त्याचं?"

बाईनं चहाचा घोट घेतला आणि नाव सांगितलं. काकू माझ्याकडे वळली.

"ऐकलं न्हवं?" ती म्हणाली. "लिही."